उरलेला अर्धा दिवस

"आज किती वाजता उठलात?"

देवदत्त दफ्तरदार कुणाच्या कामाचा दर ठरवायला बसले की त्यांचा पहिला प्रश्न हाच असे. समोर जीपचा ड्रायव्हर असो की शाळेचा हेडमास्तर. ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा तब्येतीची चौकशी करतोय. तो म्हणे, "सब बढ़िया है, भिया." मग देवदत्तराव खिशातली लहानशी लाल डायरी काढत आणि त्याच सुरात पुन्हा विचारत, "ते झालं. उठलात किती वाजता?"

इंदूरच्या एका सरकारी ऑफिसात, निवडणूक शाखेत, त्यांनी सव्वीस वर्षं काढली. ऑफिस कुठलं ते सांगून कुणाचं भलं होणार नाही, म्हणून राहू द्या. निवडणूक म्हटली की आपल्याला झेंडे आठवतात, भोंगे आठवतात, निकालाच्या दिवशीचा गुलाल आठवतो. पण आपल्या बोटाला शाई लावणाऱ्या माणसाच्या त्या दिवसाचे किती पैसे, हे कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. मोठ्या पदांचे दर वरूनच छापून येत. छापील तक्त्यात ज्यांना जागा नाही अशांचे दर मात्र जिल्ह्यातली समिती ठरवी. समिती म्हणजे देवदत्तराव जो कागद पुढे सरकवतील त्यावर सह्या करणारे तीन साहेब. म्हणजे ठरवत होते ते देवदत्तरावच, फक्त त्यांचं नाव कुठे येत नसे.

या कामात त्यांची एक रीत होती. ज्याचा दर ठरवायचा, त्याच्या शेजारी एक अख्खा दिवस बसायचं. खुर्चीतून उठून जायचं, आणि बसून पाहायचं. बेटम्याच्या पुढच्या एका गावात ते मतदान पथकाच्या जीपमधून गेले, तेव्हा ड्रायव्हर पहाटे तीनला उठून गाडी धुऊन आला होता आणि दोन रात्री सीटवरच आडवा झाला होता. डायरीत नोंद पडली, "उठला तीनला. पाठ टेकली नाही." पुढच्या निवडणुकीत ड्रायव्हरचा दर वाढला. एका शाळेत पथकाला जेवू घालणाऱ्या बाईच्या चुलीपाशी ते बसले, तेव्हा पातेलं तिचं, लाकडं तिची, तेलही तिचंच, आणि सरकारी कागदावर या सगळ्याला नाव होतं "स्थानिक व्यवस्था". देवदत्तरावांचं माथं भडकलं. त्यांनी चुलीत गेलेली लाकडं मोजून आणली आणि ती साहेबांपुढे वाचून दाखवली. साहेब हसले, पण सही करून मोकळे झाले.

दफ्तरदार हे आडनाव त्यांना पणज्याच्या नोकरीने दिलेलं. होळकरांच्या वेळी पणजोबा कृष्णपुऱ्याच्या बाजूच्या एका कचेरीत कागद सांभाळत. पुढच्या पिढ्यांनीही कुठे ना कुठे कागदच सांभाळले. ऑफिसातले लोक चेष्टेने म्हणत की दफ्तरदारजींच्या अंगाला फाइलीचाच वास येतो. ते म्हणत, "मग काय अत्तराचा यायला हवा?" लोकमान्यनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, जुनी स्कूटर, दुपारी ठीक दीड वाजता स्टीलचा तीन पुडी डबा आणि डब्यातली पोळी दुमडून खायची सवय, एवढा त्यांचा संसार ऑफिसला माहीत होता. डबा करून देणाऱ्या लीलाबाई सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दोघांचा मुलगा अभिराम पुण्याला नोकरी करतो आणि रविवारी फोन करतो.

असा हा माणूस. सगळ्यांच्या शेजारी बसला. एकाच्या शेजारी बसला नाही, आणि तीच त्याच्या नोकरीतली चूक.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी सगळी मतदान पथकं स्टेडियमवर जमतात. यंत्रं, शाई, याद्या, लाख, मेणबत्ती, सगळं ताब्यात घेऊन बसने आपापल्या केंद्रावर जातात. पण कुणी आजारी पडतो, कुणी येतच नाही, कुणाची आई नेमकी त्याच दिवशी हॉस्पिटलात असते. त्यांच्या जागी पाठवायला काही माणसं राखून ठेवावी लागतात. त्यांना रिझर्व्ह म्हणतात. एका कोपऱ्यात तंबू, तंबूत सतरंज्या, आणि सतरंज्यांवर शंभर-दीडशे मास्तर, शिक्षिका, बाबू सकाळी सहापासून बसलेले. माइकवरून नाव पुकारलं की पळायचं. नाहीच पुकारलं, तर शेवटची बस गेल्यावर घरी.

चौदा वर्षांपूर्वी या रिझर्व्हचा दर ठरवायची वेळ आली, तेव्हा पैशाची ओढाताण होती. केंद्रावर गेलेल्यांना पूर्ण द्यायचे की न गेलेल्यांनाही द्यायचे, असा वाद पडला. देवदत्तरावांना तंबूत जाऊन बसावंसं वाटलं नाही. बसून पाहायचं कुणाला, तर जे नुसते बसलेच आहेत त्यांना? त्यांनी टेबलावरूनच टीप लिहिली. ऑफिसची भाषा हिंदी, म्हणून हिंदीत लिहिली: "प्रतीक्षा अपने-आप में कोई कार्य नहीं है।" वाट पाहणं हे काही काम नव्हे. सबब केंद्रावर न गेलेल्या रिझर्व्हला अर्धा दिवस. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी मीटिंगमध्ये दोनदा वाचलं. देवदत्तरावांनाही आवडलं होतं. आता खोटं कशाला बोला.

त्याच निवडणुकीत लीलाबाईंचं नाव रिझर्व्हच्या यादीत निघालं. शेजारपाजारचे म्हणाले, घरातच माणूस आहे, एक नाव उडवायला किती वेळ लागतो. देवदत्तराव म्हणाले, "माझ्या बायकोचं उडवलं तर मग दुसऱ्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने पाठवू?" लीलाबाईंनीही हट्ट धरला नाही. त्या दिवशी त्या गेल्या, संध्याकाळी उशिरा आल्या, चप्पल काढता काढता म्हणाल्या, "अर्ध्या दिवसाची बाई आली बघा घरी." देवदत्तराव मनापासून हसले. लीलाबाई हात-पाय धुवायला आत गेल्या. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर बऱ्याच निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी जुन्या फाइलीतून ते वाक्य उतरवून घेतलं गेलं आणि हजारो माणसं अर्ध्या दिवसाची होऊन घरी गेली.

देवदत्तरावांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि त्यांची शेवटची निवडणूक दोन टप्प्यांत व्हायची होती. तेव्हा त्यांच्या टेबलावर एक अर्ज आला. अर्जदार कस्तुरी पागे, बेटम्याजवळच्या एका शाळेतली शिक्षिका. आदल्या निवडणुकीत रिझर्व्ह होती. सगळे अर्ज पैसे मागतात. हिने पैसे मागितले नव्हते. चार ओळींचा कागद होता, आणि त्यात लिहिलं होतं, की त्या दिवशी मी सकाळी सहा ते सायंकाळी सात आपल्या आदेशाने हजर होते. आपण मला अर्धा दिवस दिलात. तरी उरलेला अर्धा दिवस मी कुठे होते, हे कृपया कळवावे.

शाखेतला कॉम्प्युटर चालवणारा ऋषभ अर्ज वाचून खदखदा हसला. "सरजी, क्या मस्त मारा है मैडम ने!" देवदत्तरावही हसले. मग त्यांनी उत्तर लिहायला पेन उघडलं. दर नियमानुसार आहे, असं लिहिलं असतं तर चालण्यासारखं होतं, आजवर सगळं तसंच चाललं होतं. पण बाईंनी नियम विचारलाच नव्हता. आपण कुठे होतो, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर देवदत्तरावांच्या कुठल्याच डायरीत नव्हतं. पेन बंद करून त्यांनी अर्ज वरच्या खिशात, डायरीपाशी ठेवला.

पहिल्या टप्प्याच्या आदल्या दिवशी त्यांनी साहेबांकडून तंबूची पाहणी करायची परवानगी मागून घेतली. बिल्ला खिशात टाकला आणि सकाळी सहाला जाऊन रिझर्व्हच्या सतरंजीवर बसले. कुणालाच काही सांगितलं नाही.

दिवस जूनचे होते, उन्हाचा जोर अजून ओसरला नव्हता. आठपर्यंत तंबू बरा होता. नऊला कापड तापलं. देवदत्तरावांनी नेहमीप्रमाणे डायरीत तास मांडले आणि पुढे काय लिहावं ते त्यांना सुचेना. घडत काहीच नव्हतं. माइक मात्र सारखा चालू होता. "मतदान दल क्रमांक फलाना… बस क्रमांक फलाना… पीठासीन अधिकारी तुरंत मंच पर आएँ…" आणि त्या गदारोळात अधूनमधून एखादं नाव. प्रत्येक खरखरीबरोबर शंभर माना वर होत. नाव आपलं नाही हे कळलं की खाली येत. दहा वाजेपर्यंत देवदत्तरावांच्या लक्षात आलं की या तंबूत कुणी गप्पा मारत नाही, कुणी पेपर वाचत नाही, कुणाचा डोळा लागलेला नाही. सगळे ऐकताहेत. तीनदा पुकारूनही माणूस आला नाही तर नावापुढे "अनुपस्थित" पडतं आणि दुसऱ्या दिवशी नोटीस निघते. ही नोटीस टाइप करून घेण्याचं कामही त्यांच्याच शाखेचं. तीही त्यांनी टेबलापाशी बसूनच पाहिली होती.

शेजारी एक तिशीतली बाई बसली होती. पाण्याची बाटली भरलेली, झाकणाचं सीलसुद्धा मोडलेलं नाही. देवदत्तराव म्हणाले, "पाणी प्या ना. ऊन फार आहे."

बोलण्याची ढब ऐकून की नाक पाहून कोण जाणे, पण मराठी माणूस मराठी माणसाला ओळखतोच. तिने मराठीतच उत्तर दिलं. "नको काका. प्यायलं की जावं लागतं. बाथरूम तिकडे, पार त्या गेटपाशी. गेलं आणि तेवढ्यात नाव आलं तर?"

"मग दिवसभर नाही प्यायचं?"

"दुपारी जोडी लावतो ना आम्ही. एक जाते, दुसरी तिच्यासाठी कान ठेवते. नाव आलं तर ओरडत टेबलापर्यंत पळायचं, है मैडम, आ रही है. पण जिच्यावर भरवसा तिलाच सांगायचं. मागच्या वेळी एकीने कान ठेवला आणि तिचंच नाव आलं, तर ती गेली निघून." ती जराशी हसली. "तुमची पण ड्यूटी रिझर्व्हमध्ये?"

"बसलोय," देवदत्तराव म्हणाले. मग त्यांचा हात आपोआप डायरीकडे गेला. "आज किती वाजता उठलात?"

"चारला. मी भंवरकुआंला राहते, खोली घेऊन. पण मुलगी आईकडे सोडायची होती आधी. सहाच्या आत सही नाही झाली तर लाल शेरा मारतात." तिने नाव सांगितलं, कस्तुरी पागे.

अर्ज अजून देवदत्तरावांच्या वरच्या खिशात होता. त्यांनी खिशावर हात ठेवला. बाई आपणहून पुढे बोलत राहिली. "ज्याने कुणी हा अर्धा दिवस काढलाय ना काका, तो माणूस इथे कधी बसलेला नाही बघा. शर्त लावते."

एकसष्टाव्या वर्षी माणसाला लघवी फार वेळ धरवत नाही. एक वाजता देवदत्तरावांना राहवेना. खरं तर त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्यांना कुणी पुकारणार नव्हतं. तरीही गेटपर्यंत जाताना आणि येताना त्यांचे कान माइककडेच लागले होते आणि पाय उगीच भरभर पडत होते. परत येऊन बसल्यावर त्यांना त्या गोष्टीची लाज वाटली. आणि मग दुसऱ्याच एका गोष्टीची लाज वाटली. चौदा वर्षांपूर्वी याच तंबूत, अशाच सतरंजीवर लीला बसली होती. तिच्यासाठी कुणी कान ठेवला होता का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

साडेतीनला कस्तुरी उठली. "काका, आता नाही होत. जरा कान ठेवता?"

"जा तुम्ही. मी आहे."

ती गेटपर्यंत पोचलीही नसेल, तोच माइकवर आवाज आला. "कस्तुरी पागे, रिज़र्व. कस्तुरी पागे." देवदत्तराव उठले. गुडघा कळवळला, चप्पल सापडेना, तशीच अनवाणी धाव घेतली. मैदान तापून निघालं होतं. टेबलापाशी पोचेपर्यंत दुसऱ्यांदा नाव झालं, तिसऱ्यांदा झालं. यादीवर वाकून नावापुढे खूण करायला पेन टेकवणारा ऋषभ होता.

"थांब!" देवदत्तराव ओरडले. "आहे ती. येतेय."

ऋषभने वर पाहिलं आणि उडालाच. "अरे सरजी, आप यहाँ? और चप्पल?" मग त्याला यादी आठवली. "सरजी, तीन बार हो गया. लिखना पड़ेगा. आप ही ने तो सिखाया है."

"मी शिकवलं ते चुकीचं शिकवलं. पेन उचल." देवदत्तरावांनी यादीवर सरळ पंजाच ठेवला. मागे बसचा कंडक्टर शिट्ट्या मारत होता, पथकातले लोक कावले होते, आणि देवदत्तराव दम लागलेल्या अवस्थेत यादी दाबून उभे होते. तीन-चार मिनिटांत कस्तुरी पदर सावरत धावत आली. ऋषभ तिला म्हणाला, "मैडम, थैंक यू बोलो दफ्तरदार सर को. मानदेय का, ड्यूटी के पैसे का, पूरा काम यही देखते हैं. इन्हीं की वजह से बच गए आप."

कस्तुरी थबकली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. देवदत्तरावांनी खिशातून तिचा अर्ज काढून दाखवला. 

तिने सामानाची पिशवी उचलली. "काका, मला तर आता पूर्ण मिळेल," ती म्हणाली. "ह्या बाकीच्या आज कुठे होत्या, तेवढं लिहा." आणि ती बसमध्ये चढली. देवदत्तराव परत येऊन सतरंजीवर बसले आणि शेवटची बस जाईपर्यंत उठले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी टीप लिहिली. रिझर्व्हला पूर्ण दिवस द्यावा. पुकारलेलं नाव फळ्यावरही लिहावं आणि अर्धा तास वाट पाहूनच अनुपस्थित धरावं. इथवर ठीक होतं. पण शेवटी त्यांनी सव्वीस वर्षांत कुणी न लिहिलेलं वाक्य लिहिलं: "पूर्व की टीप गलत थी। लिखने वाले ने बैठकर नहीं देखा था।" आणि खाली आपली सही केली. सरकारी फाइलीत आधीची टीप चूक होती असं कुणी लिहीत नाही. तिथे पुनर्विचार होतो, परिस्थिती बदलते, नवी तथ्यं समोर येतात. चूक कधी होत नाही.

समितीचे प्रमुख परेश सरनाईक हे बऱ्हाणपूरचे. वयाने लहान, पण समजूतदार साहेब. त्यांनी देवदत्तरावांना एकट्याला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि मराठीत बोलले.

"दफ्तरदारजी, दर वाढवायला माझी हरकत नाही. पण हे शेवटचं वाक्य काढा."

"ते खरं आहे, साहेब."

"खरंच आहे, म्हणून तर अडचण. चूक होती म्हणून लिहिलंत, की चौदा वर्षांतले सगळे रिझर्व्ह दावा लावतील. मग ही फाइल वकिलाच्या मताला जाणार. सहा महिने परत येणार नाही. दुसऱ्या टप्प्याची पथकं शुक्रवारी निघणार. आणि तुमचे पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावरून जायचेत, चौकशी लागली तर मी तरी काय करू?"

देवदत्तराव म्हणाले, "पेन्शनचं बघू."

"ते तुमचं तुम्ही बघाल हो. शुक्रवारी तंबूत बसणार आहेत त्यांचं काय?" परेशजींनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "मला एकच सांगा. दर हवाय, की माफी मागायचीय? दोन्ही एका फाइलीत बसत नाही."

देवदत्तरावांनी पेन उघडलं. ते वाक्य लिहिताना त्यांना कितीतरी वर्षांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं होतं. अख्ख्या नोकरीत त्यांच्या नावाचं असं तेवढं एकच वाक्य होतं. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात टीप पुन्हा उतरवली. शेवटी लिहिलं, "वर्तमान परिस्थितियों को दृष्टिगत रखते हुए।" परिस्थिती कसली बदलली होती, डोंबल! तोच तंबू, तीच सतरंजी, तेच गेटपाशी बाथरूम. पण संध्याकाळच्या आत तिन्ही सह्या झाल्या आणि आदेश निघाला. जुना कागद परेशजींनी फाडला नाही, घडी घालून देवदत्तरावांच्या हातात दिला. त्यांनी तो डायरीत ठेवला.

सहाच्या सुमारास ते घरी आले. लीलाबाई खिडकीपाशी गवार मोडत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली होती, आता बसल्या बसल्या होतील ती कामं करत. देवदत्तराव कपडे न बदलता समोरच्या खुर्चीत बसले.

"रिझर्व्हचा दर पूर्ण झाला आज," ते म्हणाले.

लीलाबाईंचा हात थांबला नाही. "बरं झालं. कधीपासून?"

"आदेशाच्या तारखेपासून."

"मागचं नाही?"

"मागचं मिळत नाही."

त्यांनी मान हलवली. दोन-चार शेंगा मोडून झाल्यावर म्हणाल्या, "पैशांचं नाही म्हणत मी."

"माहीत आहे मला." देवदत्तरावांनी डायरीतला घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. लीलाबाईंनी चष्मा चढवून तो वाचला. शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. कागद पुन्हा घडी करून ताटलीच्या कडेला ठेवला आणि गवारीकडे वळल्या.

"हे फाइलीत जाणार होतं," देवदत्तराव म्हणाले. "जाऊ दिलं असतं तर दर अडकला असता."

"मग योग्यच केलंत."

"लीला, तू मला कधी बोलली नाहीस. चौदा वर्षं."

आता त्यांचा हात थांबला. आवाज चढला नाही, पण त्या थेट नवऱ्याकडे पाहून बोलल्या. "तुम्ही विचारलंत कुठे? ड्रायव्हरला विचारलंत. त्या स्वयंपाकवालीच्या चुलीतली लाकडं मोजून आलात. दुनियाभर लोकांच्या शेजारी जाऊन बसलात. मी तर घरातच होते, अहो."

देवदत्तरावांना वाईट वाटलं, आणि ते लपवायचं त्यांनी सोडून दिलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. खालच्या अंगणात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची उचलली आणि लीलाबाईंच्या शेजारी आणून ठेवली. डायरीचं कोरं पान उघडलं. वर चौदा वर्षांपूर्वीची ती तारीख घातली. तारीख त्यांना पाठ होती.

"आता कशाला?" लीलाबाई म्हणाल्या. "दर तर ठरला ना."

"दरासाठी नाही." त्यांनी पेन उघडलं. "त्या दिवशी किती वाजता उठलीस?"

लीलाबाईंनी डायरीकडे पाहिलं. मग हातातली शेंग ताटलीत ठेवली.

"साडेतीनला," त्या म्हणाल्या. "तुमचा डबा करून जायचं होतं."

देवदत्तरावांनी ते लिहून घेतलं, आणि पुढचं ऐकायला थांबले.